खोकल्याचा दर

पुएब्लाच्या चौकात, कमानीखाली,
बावीस वर्षं माझं टेबल आहे.
हिरवा टाइपरायटर, त्यातलं एक अक्षर जरा लंगडं.
लोक बोलतात, मी बडवतो.
पानाला बारा पेसो.
जामिनाचे अर्ज, हरवलेल्या दाखल्यांच्या विनंत्या,
आणि एकदा एका न्हाव्याला लिहून दिलेलं प्रेमपत्र,
जे इतकं चांगलं उतरलं
की मुलीने पत्ता माझा मागितला.

ही बढाई नाही. म्हणजे आहे, थोडी.
सांगायचं एवढंच, की लोकांचा विश्वास होता.
ज्याला वाचता येत नाही
तो अंगठा टेकवताना
कागदाकडे नाही, लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

मग तो आला, पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा,
इस्त्रीचा शर्ट, पुदिन्याचा वास.
पत्राच्या तळाशी एकच ओळ, म्हणाला, बारीक अक्षरात.
ओळीमागे दोन पेसो.
कुणाचं काय जातं त्यात?
माझ्या जिन्याला तेव्हा कठडा नव्हता
आणि गुडघ्यांना वंगण.

ओळ तळाशी फार दिवस राहिली नाही.
उन्हाळ्यात सहीच्या वर चढली,
आणि नाताळापर्यंत आयांच्या तोंडी जाऊन बसली:
'बाळा, त्या निळ्या पाटीवाल्यांकडूनच पाठव,
मला तिथलंच बरं पडतं.'

मग दर बदलला.
ओळीमागे नाही, रकमेमागे. शेकडा दीड.
तेव्हा कळलं, सुखी पत्रांना उत्पन्न नाही.
'इकडे सगळं ठीक' या वाक्याची किंमत शून्य.
मी खोटं लिहीत नव्हतो, असं मी म्हणायचो;
गळकं छप्पर फक्त थोडं जास्त गळवलं.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
टाइपरायटरला नुसती हाडंच असतात,
तरी तो वळवाल तिकडे वळतो.

दोन्या क्रेसेन्सिया महिन्यातून एकदा यायची.
मुलगा विल्फ्रिदो शिकागोत,
कोंबड्या कापायच्या कारखान्यात.
ती सांगायची: झेंडू फुललाय,
कुत्रीला पाच पिल्लं झाली, एक पांढरं,
जेवत जा.
मी त्यात एक खोकला घातला.
लहानसा. रात्रीचा.
पुढच्या महिन्यात त्याला ताप दिला,
त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टर.
खोकला माझा, नाव तिचं, घाम त्याचा.

पैसे वाढले.
पोराला बढती मिळाली वाटतं, ती म्हणाली,
आणि देवळात जाऊन मोठी मेणबत्ती लावून आली.

मग त्याचं पत्र आलं.
आलेली पत्रंही मीच वाचतो, सहा पेसो.
'आई, रात्रपाळीही धरली आहे.
कोट विकला, तशी थंडी फार नाही यंदा.
खोकल्यातून अजून रक्त पडतं का?'

रक्त मी फेब्रुवारीत लिहिलं होतं.

डोळे आधीच पुढे धावले होते,
वाक्य गाळता आलं असतं.
बावीस वर्षांत एवढं तर येतंच.
का कोण जाणे, मी ते वाचलं. मोठ्याने.

शेजारच्या टेबलावर एलेउतेरिओ
कुणाच्या तरी घटस्फोटात गुंतला होता, खटखट, खटखट.
ती काही बोलली नाही.
या वेळी तिने कागदाकडे पाहिलं,
वाचता येत असल्यासारखं, बराच वेळ.
मग रुमालाची गाठ सोडून
अठरा पेसो मोजून ठेवले, वाचण्याचे आणि लिहिण्याचे.

'लिही,' म्हणाली. 'आई बरी आहे. खोकला गेला.
आधी कोट घे.'
आणि थोडं थांबून,
'डॉक्टर चांगला होता म्हणावं.'

मी लिहिलं, शब्दाला शब्द.
बोटं सवयीने तळाशी उतरली
आणि 'पैसे निळ्या' एवढं उमटलंही.

कागद अजून रोलरमध्येच आहे.
ती समोर उभी आहे,
अंगठ्याला शाई लावून.